कडी उघडली आणि ती उधळली

नमस्कार मंडळी. जनावर आजारी पडलं की आपल्याला लगेच कळतं. चारा सोडतं, मान टाकून उभं राहतं. पण ते खुशीत असेल तर? ते ओळखायचं कशावरून?

आमच्या गोठ्यात एक कालवड होती, चंद्री. गोठ्याला लागून चाऱ्याची खोली, मध्ये फाटक, फाटकाला लोखंडी कडी. ही बया दिवसभर त्या कडीच्या मागे. जिभेनं चाट, नाकाडानं ढकल. आठवडाभर कडी हलेना. एका संध्याकाळी खट्‌ झालं आणि फाटक उघडलं! मी समोरच उभा. म्हटलं, आता ही चाऱ्यावर तुटून पडणार. छे! शेपूट ताठ वर, मागचे दोन्ही पाय हवेत, अंगणाला एक फेरी, दुसरी फेरी, मध्येच गर्रकन वळली. कोंबड्यांची पळता भुई थोडी. दम लागल्यावर मग आत गेली आणि सावकाश खायला लागली. काका म्हणाले, "हिला चाऱ्याचा नाही रे, कडीचा आनंद झालाय."

काका लाडानं बोलतात असं मला तेव्हा वाटलं. पण २००४ साली केंब्रिजच्या क्रिस्टिन हेगन आणि डोनल्ड ब्रूम यांनी कालवडींवर असाच प्रयोग प्रसिद्ध केला. काही कालवडींनी फळी दाबली की फाटक उघडायचं, पुढे खाणं. इतरांना तेच खाणं मिळायचं, पण फाटक त्यांच्या हातात नव्हतं. ज्यांना युक्ती जमू लागली, त्यांच्या हृदयाचे ठोके त्या घडीला जास्त वाढले. त्या जास्त जोशात चालल्याही. म्हणजे काका बरोबर होते.

पण सगळा आनंद असा उड्या मारत नाही. शांत आनंद बघायचा तर कान बघा. गाईची मान खाजवा, गाई एकमेकींना चाटतात ना, तिथेच. मान लांब होते, कान सैल पडतात, डोळ्यातला पांढरा भाग कमी दिसतो. हात थांबवला की डोक्यानं ढुशी देते, "चालू ठेव." पुन्हा सांगतो, नुसत्या शेपटीवर जाऊ नका. घाबरलेलं जनावरही शेपूट वर करून पळतं. कान बघा, डोळे बघा.

डुकरांचंही तसंच. खुशीतला हुंकार आखूड, त्रासातला आवाज लांबलचक. आणि गोठ्यात रेडिओ लावला की गाई खूश होतात म्हणे! मी रेडिओवाला असून सांगतो, आधी खरारा करा, मग गाणी.

हां, तर चंद्री. काकांनी दुसऱ्या दिवशी कडीला तार गुंडाळली. ती दोन दिवस तारेला नाक लावून उभी. तिसऱ्या दिवशी तार सुटलेली होती. काकांनी विचारलं, "कुणी सोडली?" मी चंद्रीकडे बोट दाखवलं.

नमस्कार.