गाडी कोणाच्या मापाची?

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्याकडे दळण आणायला कोण जातं? घरात स्कूटर घ्यायची चर्चा निघाली की ॲव्हरेज किती, सीसी किती, रंग कोणता, हप्ता केवढा, सगळं निघतं. दळणाचं तेवढं कोणी विचारत नाही. आणि शोरूममधून गाडी घरी आली की तिला पहिल्याच आठवड्यात जावं लागतं ते गिरणीवर.

आम्ही राहतो मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या एका गल्लीत. स्टेशन, भाजी, दवाखाना, लेकीचा क्लास, सगळं दोन-अडीच किलोमीटरच्या आत. रिक्षावाला एवढ्याशा अंतराला मान हलवतो, चालत जावं तर हातात पिशव्या. म्हणून 2014 साली आम्ही पहिली स्कूटर घेतली. आमचे हे सहा फुटी. त्यांनी शोरूममध्ये गाडीवर बसून पाहिलं, गुडघे कुठे अडत नाहीत ना बघितलं, आणि मोठी, रुंद, ऐटबाज गाडी पसंत केली. मी पाच फूट. मी मागच्या सीटवर बसून पाहिलं आणि छान आहे म्हणाले. चूक दोघांची.

पुढच्या महिन्यात एका दुपारी मी ती एकटीने काढायला गेले. आमच्या पार्किंगमध्ये गाड्या किती खेटून लावलेल्या असतात ते मुंबईकरांना सांगायला नको. आरशाला आरसा लागलेला. स्टँडवरून खाली घेतली, माझ्या टाचा अधांतरी, चवड्यांवर तोल. मागे ढकलताना चाक फरशीच्या फटीत अडकलं, गाडी डावीकडे कलली, आणि शेजारच्या तीन गाड्या एकीच्या अंगावर एक. वॉचमन धावत आला. दोन आरसे आणि एक इंडिकेटर भरून दिला. त्यानंतर मी त्या गाडीला हात लावला नाही. चार वर्षं ती रोज ह्यांना स्टेशनपर्यंत सोडायची आणि दिवसभर पे-अँड-पार्कमध्ये उभी राहायची. आणि मी चालत, पिशव्या घेऊन.

स्कूटर मुळात घरातल्या सगळ्यांची झाली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. लॅम्ब्रेटा आमच्या शेजारच्या भांडुपला तयार व्हायची. बजाजच्या गाडीसाठी तर लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. मुलाच्या मुंजीत नोंदवलेली गाडी त्याच्या लग्नात मिळाली, असा विनोद तेव्हा चालायचा. पण त्या गाड्यांचे गिअर डाव्या मुठीत आणि सुरू करायची ती किकने. गाडी सुरू होत नसेल तर तिला एका अंगावर कलती करायची, मग पुन्हा किक. हे घरातल्या पुरुषाचं काम असायचं आणि त्याला त्याचा अभिमानही असायचा. 1984 साली कायनेटिक होंडा आली, बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी. बँकांतल्या, शाळांतल्या बायका गाडी चालवायला लागल्या त्यात या बटणाचा वाटा मोठा. 2001 मध्ये ॲक्टिव्हा आली, आणि आता तर आमच्या सोसायटीत कोणत्याही कंपनीची स्कूटर असो, तिला ॲक्टिव्हाच म्हणतात.

तर आता निवडायची कशी? मी एक साधी गोष्ट करते आणि मैत्रिणींनाही करायला लावते. शोरूममध्ये घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला न्यायचं. रोजच्या चपला घालून न्यायचं, बुटांत नाही. सीटची उंची कागदावर मिलिमीटरमध्ये छापलेली असते, 765 वगैरे, पण नुसत्या त्या आकड्यावर जाऊ नका. सीट पुढे रुंद असली की मांड्या फाकतात आणि तेवढ्याच उंचीच्या गाडीवर पाय टेकत नाहीत. बसून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

मग सेल्समनला सांगायचं, डबल स्टँडवर लावून दाखवते. तो म्हणेल, राहू द्या मॅडम, मी लावतो. नाही, मीच लावणार. पेट्रोलवरच्या 110 सीसीच्या स्कूटरचं वजन साधारण 105 किलो असतं, काही इलेक्ट्रिक गाड्या 130 च्या पुढे जातात. एवढं ओझं हातांनी उचलायचं नसतंच. डावा हात हँडलला, उजवा हात मागच्या कडीला, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले का ते पायानेच चाचपायचं, आणि मग उजव्या पायावर अख्खं शरीर टाकून स्टँडच्या दांडीवर चक्क उभं राहायचं. गाडी आपसूक मागे सरकून वर बसते. मला हे शिकवलं आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने, पाच मिनिटांत. चार वर्षं घरात कोणी शिकवलं नव्हतं.

तिसरी गोष्ट, दळणाचा डबा. हसू नका, आम्ही दुसऱ्या गाडीच्या वेळी रिकामा डबा खरंच शोरूममध्ये नेला होता. पायाखालची जागा सपाट हवी. काही गाड्यांची तिथली जागा दिसायला छान पण मधोमध उंचवटा, किंवा इतकी अरुंद की डबा ठेवला की पाय बाहेर लोंबतात. पाय बाहेर ठेवून गाडी चालवणं म्हणजे नाक्यावर कोणाच्या तरी बंपरला घोटा. आणि पुढचा हुक बघा. सीटच्या खाली, गुडघ्यांच्या पुढे असलेला हुक चांगला. हँडलला पिशवी टांगायची सवय मोडा. वळताना पिशवी गुडघ्याला अडते आणि गाडी वळत नाही, सरळ जाते.

सासूबाईंनी त्यांची परीक्षा वेगळी घेतली. त्या नऊवारी नेसत नाहीत आता, पण पाचवारीत एका बाजूला पाय सोडूनच बसतात. त्यांनी पाय ठेवायची पट्टी कुठे आहे, साडी चाकात जाऊ नये म्हणून लावलेली जाळी पुरेशी मोठी आहे का, धरायची कडी हाताला लागते का, एवढं पाहिलं आणि म्हणाल्या, "ही बरी." त्यांची पसंती झाली तेव्हा मी किंमत विचारली.

चाकांचं मात्र जरा थांबून सांगते, कारण आपले रस्ते. चाक जेवढं मोठं तेवढा खड्डा लहान लागतो, सरळ हिशेब. जुन्या ॲक्टिव्हाची दोन्ही चाकं 10 इंची होती. 2020 पासून पुढचं 12 इंची झालं, मागचं 10 च राहिलं. सुझुकीच्या ॲक्सेसचंही पुढचं 12, मागचं 10. टीव्हीएसच्या ज्युपिटरची दोन्ही 12 इंची. पेव्हर ब्लॉक उखडलेल्या गल्लीत, मागे सासूबाई बसलेल्या असताना, हा दोन इंचांचा फरक त्यांच्या कमरेला कळतो. पुढे टेलिस्कोपिक सस्पेन्शन, म्हणजे नळीत नळी सरकून धक्के झेलणारं, आहे का तेही विचारा.

इंजिनाचं म्हणाल तर 110 पुरतं. 125 घेतलंत तर उड्डाणपुलाच्या चढावर दोघं असताना जरा सुखाचं जातं, इतकंच. त्याहून मोठं इंजिन घेऊन मुंबईत ते पळवणार कुठे? वांद्रे-वरळी सी लिंकवर दुचाकीला बंदी, ईस्टर्न फ्रीवेवर बंदी, जे.जे. पुलावर बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवरही बंदी. मोकळे रस्ते जेवढे म्हणून बांधले तेवढ्यांवरून आपल्याला खाली उतरवलेलं आहे. राहिला तो सिग्नल ते सिग्नल. तिथे आमचे हे आणि कॉलेजातला पोरगा एकाच वेळी पोहोचतात.

जवळच्या फेऱ्यांची एक गंमत ऐका. गाडी रोज दोनच किलोमीटर चालली की तिला आराम आहे असं आपल्याला वाटतं. उलट आहे. इंजिन गरम होईपर्यंत आपण पोहोचलेलो असतो. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, म्हणून कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज तुम्हाला मिळणार नाही, आणि त्याबद्दल मेकॅनिकशी भांडू नका. ऑइलसुद्धा किलोमीटर मोजून नव्हे, महिने मोजून बदला. पुस्तिकेत दोन्ही दिलेलं असतं, जे आधी येईल ते. बॅटरीही अशा फेऱ्यांत पुरती चार्ज होत नाही. मे महिन्यात गावाला जाऊन पंधरा-वीस दिवसांनी परत आलात की सेल्फ नुसता टक् टक् करतो. म्हणून गाडीला किक आहे की नाही ते घेतानाच बघा.

इथेच इलेक्ट्रिक गाडीचा विचार येतो, कारण तिला थंड-गरम काही नसतं. छोट्या फेऱ्यांना ती फार चांगली. तीन युनिटच्या आसपासची बॅटरी आपल्यासारख्या घराला आठवडाभर सहज पुरते, आणि मुंबईत पेट्रोल लिटरला शंभरीच्या वर. पण आधी प्लग शोधा, मग गाडी. सातव्या मजल्यावरून वायर खाली सोडता येत नाही. पार्किंगमधला पॉइंट आपल्या मीटरला जोडायचा तर सोसायटीची परवानगी, इलेक्ट्रिशियन, आणि ज्याला "हे सोसायटीच्या विजेवर गाडी चालवतात" असं वाटतं असा एक तरी सभासद. हे सगळं पार पडत असेल तर खुशाल घ्या. नाहीतर बॅटरी काढून घरात चार्ज करता येते अशा गाड्या आहेत, पण ती बॅटरी हातात धरून जिना चढून बघा. लिफ्ट बंद असलेल्या दिवशी.

कायद्याचं एक. फॅमिली स्कूटर म्हणजे अख्खी फॅमिली बसवायची स्कूटर, असा समज आपल्याकडे आहे. बाबा, मध्ये दादा, मागे आई, पुढे छोटी उभी. कायद्याने चालवणारा आणि मागे एक, बस. हेल्मेट दोघांना; मागच्यालाही हवंच, आणि चार वर्षांवरच्या मुलालाही. चार वर्षांच्या आतलं मूल मागे असेल तर त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, छोटं हेल्मेट आणि वेग 40 च्या आत, असा केंद्राचा 2022 चा नियम आहे. तेव्हा दोन हेल्मेटं ठेवायची कुठे हा प्रश्न आलाच. बहुतेक डिक्कींत एक बसतं, तेही तोंड उघडं असलेलं. ज्युपिटर 125 ची डिक्की 33 लिटरची आहे, कारण तिची पेट्रोलची टाकी पायाखाली नेली आहे. बाकी ठिकाणी हेल्मेट घेऊन जा आणि डिक्की बंद होते का ते स्वतः दाबून बघा.

पावसाळा. एका जुलैत आमच्या आवारात पाणी शिरलं, सीटला टेकलं. सकाळी ओसरल्यावर ह्यांनी उत्साहाने सेल्फ मारला. इंजिनात गेलेलं पाणी मग पिस्टनपर्यंत पोहोचलं, आणि खर्च एवढा आला की तेव्हाच ती गाडी विकायचं ठरलं. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करायची नाही, ढकलत गॅरेजला न्यायची. एअर फिल्टर, ऑइल, बेल्टचा डबा, सगळं उघडून कोरडं करायचं. विम्यात इंजिनासाठी वेगळं कलम घेता येतं, सखल भागात राहणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

पैशांचं थोडक्यात. जाहिरातीतली किंमत वेगळी, ऑन-रोड वेगळी. रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, विमा हे द्यावंच लागतं. नव्या दुचाकीला 2018 पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, म्हणून तो आकडा मोठा दिसतो. सप्टेंबर 2025 मध्ये पेट्रोलवरच्या या स्कूटरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तो किमतीत धरलाय ना बघा. त्याखाली "हँडलिंग" नावाची एक ओळ असते. ती कशाची, असं शांतपणे विचारा. आमच्या बाबतीत नुसत्या विचारण्यानेच ती ओळ खोडली गेली. सीट कव्हर, मॅट, चारी बाजूंच्या लोखंडी दांड्या हे सगळं बाहेर घ्या किंवा घेऊच नका. दांड्यांनी गाडी रुंद होते आणि आमच्या पार्किंगमध्ये बसत नाही.

ती पहिली गाडी विकली तेव्हा गिऱ्हाइकाने दोन्ही किल्ल्या मागितल्या. दुसरी शोधता शोधता शेवटी कपाटात, पावत्यांच्या पाकिटात सापडली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच काढलेली नव्हती. नव्या गाडीची दुसरी किल्ली आम्ही पहिल्याच दिवशी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. परवा लेक म्हणाली, आई, यातली जुनी कुठली आणि नवी कुठली? दोन्ही सारख्याच घासल्या गेल्यात.

नमस्कार.