सुई, मनगट आणि तीन बोटं

(दृश्य : सदाशिव पेठेतली एक गल्ली. संध्याकाळची पाच-साडेपाचची वेळ. दुचाकींची गर्दी. कॅमेरा जिना चढून पहिल्या मजल्यावर येतो.)

दाराबाहेर चपलांची रांग आहे. त्यात एक जोड अगदी लहान, गुलाबी, वर फुलपाखरू असलेला. आत दहा वर्षांची एक मुलगी आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली आहे. डॉक्टर बाहेर येतात आणि तिचा पहिला प्रश्न येतो, "काकू, टुचुक करणार?"

हा प्रश्न तिला आपणच शिकवला आहे. "पटकन जेव, नाहीतर डॉक्टर टुचुक करतील," असं म्हणत आपल्याकडे मुलं मोठी होतात. मग एक दिवस आपणच त्याच मुलीला हाताला धरून अॅक्युपंक्चरच्या, म्हणजे चिनी उपचारातल्या बारीक सुया टोचून घ्यायला घेऊन येतो. तिनं घाबरू नये तर काय करावं?

या मुलीला गेलं वर्षभर अर्धशिशीचा त्रास आहे. शाळेतून आली की दप्तर टाकते, खिडकीचा पडदा ओढते आणि पालथी पडून राहते. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, डोळ्यांचा नंबर पाहून झाला, औषध सुरू झालं. दुखणं कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही. त्यांच्याच चिठ्ठीवरून ती इथं आली आहे. ही चिठ्ठी महत्त्वाची. या दवाखान्यात ती आधी वाचली जाते, सुयांची पाकिटं त्यानंतर उघडतात. मूल पहाटे डोकेदुखीनं झोपेतून उठत असेल, सकाळी उलट्या होत असतील, दिसायला दोन-दोन दिसत असेल, तर त्याला कुठल्याही सुईवाल्याकडे न्यायचं नाही. थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

(दृश्य : टेबलावर सुईचं पाकीट. अगदी जवळून.)

डॉक्टर पाकीट फाडून सुई मुलीच्या तळहातावर ठेवतात. ती सुई पाहते आणि गप्प होते. लसीची सुई साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते आणि आतून पोकळ, कारण तिच्यातून औषध जायचं असतं. ही सुई 0.16 मिलिमीटरची आहे, म्हणजे जेमतेम दोन-तीन केसांइतकी, आणि आतून भरीव. मुलगी टोक धरून ती वाकवून पाहते. सुई गवताच्या काडीसारखी वाकते. ही अर्थात खेळायला दिलेली सुई, ती लगेच डब्यात जाते. टोचायला नवी, निर्जंतुक, एकदाच वापरायची.

पहिली सुई आईच्या हाताला लागते. आई हसते. मग मुलगी स्वतःच मनगट पुढे करते.

(दृश्य : मुलीचं मनगट. तिचीच तीन बोटं त्यावर आडवी ठेवलेली.)

मनगटावर जिथं हाताची घडी पडते, तिथून कोपराच्या दिशेनं तीन बोटं आडवी ठेवायची. दोन दोऱ्यांसारखे स्नायुबंध लागतात, त्यांच्या मधोमध हा बिंदू. चिनी नाव नेइग्वान, आतलं दार. बोटं मात्र मुलीची हवीत, डॉक्टरांची नाहीत. या शास्त्रात माप रुग्णाच्या स्वतःच्या शरीराचं धरतात. चार वर्षांच्या मुलाचं मनगट चार वर्षांच्याच बोटांनी मोजायचं. मला या पद्धतीतली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

पुण्याच्या पोरांना खरं तर या जागेची ओळख हवी. पसरणीचा घाट लागला की मागच्या सीटवरून "आई, मळमळतंय" सुरू होतं. मग आवळासुपारी, लिंबू, प्लास्टिकची पिशवी. मनगटावर बांधायचे मळमळीचे पट्टे मिळतात, ते याच जागी दाब देतात. गाडी लागण्यावर त्यांचा उपयोग किती, याबद्दल पुरावे उलटसुलट आहेत. पण भूल देऊन शस्त्रक्रिया झाल्यावर जी मळमळ होते, उलट्या होतात, तिथं चित्र बरंच बरं आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं 2015 मध्ये 59 चाचण्या आणि 7667 रुग्णांची माहिती एकत्र तपासली. त्यात मुलंही होती. या एका बिंदूवर सुईनं किंवा दाबानं काम केलं, तर खोट्या, नुसत्या दाखवायच्या उपचाराच्या तुलनेत मळमळ कमी झाली आणि उलटीवरच्या औषधांच्या तुलनेत फारसा फरक पडला नाही. अभ्यासांचा दर्जा सगळीकडे सारखा नव्हता, हेही त्याच अहवालात लिहिलं आहे. तरी टॉन्सिलची शस्त्रक्रिया झालेल्या पोराचा घसा सोललेला असताना उलटी टळली, तर ते सुख लहान नाही.

हे होतं कसं? जुन्या चिनी ग्रंथांचं म्हणणं असं की शरीरात 'ची' नावाची शक्ती वाहते, तिच्या वाटांवर 361 बिंदू आहेत. शवविच्छेदनात या वाटा सापडत नाहीत. सापडतात नसा, स्नायू, पाठीचा कणा. सुई टोचली की नसांतून संदेश मेंदूपर्यंत जातो आणि शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं. नॅलॉक्सोन हे औषध ती वेदनाशामकं अडवतं. 1970 च्या दशकातल्या प्रयोगांत ते दिलं, तेव्हा सुईचा परिणामही कमी झाला. म्हणजे निदान दुखण्याच्या बाबतीत सुई काहीतरी करते. ते नेमकं त्याच बिंदूमुळे होतं का, आणि धीर देणाऱ्या हातामुळे किती, यावर वाद चालू आहे.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

ही सुई आपल्याकडे आली, त्यामागे एक मराठी धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्या पाच जणांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजय कुमार बसू होते. कोटणीस 1942 मध्ये तिथंच वारले. बसू परतले, 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. महाराष्ट्रानं या पद्धतीसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा केला. केंद्र सरकारनं 2019 मध्ये तिला मान्यता दिली.

(दृश्य : रस्त्यावरची पाटी, अक्षरं धूसर केलेली.)

आता जे सांगायचं आहे, ते माझ्या घरातलं आहे. माझा भाचा तीन वर्षांचा होता. बोलत नव्हता, हाक मारली तर बघत नव्हता. स्वमग्नता आहे, असं निदान झालं. शहरातल्या एका ठिकाणी बहिणीला सांगितलं गेलं, "ताई, चाळीस सिटिंग घ्या, मुलगा बोलायला लागेल." ती रिक्षानं रोज जायची. मूल रडायचं, दोघं जण त्याला धरायचे. चाळीस झाली, मग आणखी वीस सांगितली. त्या सगळ्या महिन्यांत वाचा उपचार बंद होते, कारण "दोन्ही एकदम नको" असं तिला बजावलं होतं. पैशाचं दुःख ओसरलं. ते महिने गेले याचं दुःख तिला आजही आहे, आणि मलाही आहे.

स्वमग्न मुलांवरच्या दहा चाचण्या, 390 मुलं, एवढं सगळं 2011 मध्ये एकत्र तपासलं गेलं होतं. या उपचाराची शिफारस करण्याइतका आधार त्यात सापडला नाही. बहिणीला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मी तरी कुठं शोधलं होतं?

आणखी एक गफलत होते, ती न फसवताही होते. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंधरा मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. काही उपचार न करता दर वर्षी त्यांतल्या साधारण 15 टक्के मुलांचं ते आपोआप थांबतं. त्या वर्षी सुया लावल्या असतील तर श्रेय सुयांना, अंगारा लावला असेल तर अंगाऱ्याला. तान्ह्या बाळाच्या पोटदुखीचंही असंच. सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणं शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. नॉर्वेत 2013 मध्ये 90 बाळांच्या गुडघ्याखाली सुई टोचून पाहिली, फरक दिसला नाही. स्वीडनमध्ये 2017 मध्ये 147 बाळांत थोडा दिसला. दोन महिन्यांच्या बाळाला टोचावं, हे माझं मन काही मानत नाही.

जपानी लोकांनी यावर शोनीशिन काढलं. शोनी म्हणजे लहान मूल, शिन म्हणजे सुई. पण ती टोचतच नाहीत. धातूच्या बोथट कांडीनं पाठीवर, हातावर हलकं घासायचं, टिचक्या मारल्यासारखं करायचं. पाहताना आजीचा तेल लावणारा हात आठवतो.

(दृश्य : पुन्हा दवाखाना. मुलगी आडवी झोपलेली. भिंतीवर घड्याळ.)

धोका आहे का? आहे. 2011 मध्ये मुलांवरच्या 37 अभ्यासांतून 279 त्रासांची नोंद काढली गेली. त्यांतले 253 किरकोळ होते, टोचलेल्या जागी रक्ताचा थेंब, निळं पडणं, रडणं. एक मध्यम होता, 25 मात्र गंभीर होते. जंतुसंसर्ग होता, फुप्फुसाला भोक पडल्याची नोंद होती. छातीवर, पाठीवर सुई खोल गेली की असं होतं. म्हणून उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा, पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. मुलाच्या रक्ताला गोठायला वेळ लागत असेल, तर ते आधीच सांगा. उपाशीपोटी नेऊ नका. तान्ह्याच्या टाळूला कुणालाही सुई लावू देऊ नका. मूल "नको" म्हणत असेल तर त्या दिवशी नको. कान सोनारानंच टोचावेत असं आपण उगीच म्हणत नाही.

इथं आज सात सुया आहेत. दोन मनगटांना, दोन अंगठ्याच्या बेचक्यांत, दोन पायांना, एक भुवयांच्या मध्ये. बारीक नळी ठेवायची, वरून बोटानं टिचकी, नळी काढायची. मुलीला विचारलं तर म्हणते, "जड जड वाटतंय. मुंग्या आल्यात." पंधरा मिनिटांत तिचा डोळा लागतो. आई पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसते.

सुया काढताना डॉक्टर मोठ्यानं मोजतात आणि मुलगीही मोजते. एक, दोन, तीन... सात. सातही सुयांच्या डब्यात. मग ती दप्तरातून वही काढते. महिन्याचं तक्त्यासारखं पान आहे, रोजच्या चौकोनात शून्य ते दहापैकी एक आकडा लिहायचा, डोकं किती दुखलं त्याचा. जूनच्या पानावर आठ आणि नऊ बरेच आहेत. सप्टेंबरच्या पानावर तीन, चार, मध्येच एक सात. हे औषधानं, सुईनं, की रात्री मोबाईल बंद झाल्यानं, ते डॉक्टर सांगत नाहीत. गोळी चालूच ठेवायची, एवढंच सांगतात.

मुलगी आजच्या चौकोनावर पेन्सिल टेकवते, जरा विचार करते. "आत्ताचं लिहू की शाळेतलं?"

"दोन्ही लिही," डॉक्टर म्हणतात.