मरेपर्यंत जेवण

(दृश्य : पॅरिसमधली एक जुनी हवेली. आवारात लिंडनचं झाड. फाटकातून गाडी आत येते.)

माल उतरतोय. रानडुकरं, मेंढ्या, कोंबड्या. लग्नघर वाटावं इतकं. जेवणारे मात्र चार.

1973 सालचा चित्रपट 'ला ग्रांद बूफ'. दिग्दर्शक इटलीचा मार्को फेरेरी. एक न्यायाधीश, एक वैमानिक, एक टीव्हीवाला आणि एक हॉटेलमालक, जो स्वतः पट्टीचा आचारी. चौघांनी ठरवलंय, खाऊन खाऊन मरायचं. का, ते कुणी धड सांगत नाही. पात्रांना नावंही नटांचीच : मार्चेल्लो मास्त्रोयानी हा मार्चेल्लो, मिशेल पिकोली हा मिशेल, तसेच उगो तोन्याझी आणि फिलिप न्वारे.

सुरुवातीला तोंडाला पाणी सुटतं, हीच खरी खोडी. स्वयंपाक उत्तम आहे. मग हळूहळू आपणच ताटावरून उठावंसं वाटतं.

(दृश्य : मिशेल पलंगावर. उगोच्या हातात चमचा.)

मिशेलचं पोट तट्ट फुगलंय, घास उतरत नाही. उगो त्याला तान्ह्या बाळासारखं भरवतोय. खाल्लं नाहीस तर मरणार कसा, असं त्याचं म्हणणं! पंगतीतला आग्रह आपल्याला नवा नाही. इथे तो थेट तिरडीपर्यंत पोचतो.

यांच्यात येऊन मिसळते शेजारच्या शाळेतली बाई, आंद्रेआ. ती सगळ्यांच्या बरोबरीनं खाते, प्रत्येकाची शेवटची सोबत करते आणि स्वतः ठणठणीत राहते.

पहिला जातो मार्चेल्लो, बर्फात, आपल्या लाडक्या बुगाटी मोटारीत गारठून. त्याला शीतखोलीत बसवतात. काचेपलीकडून तो स्वयंपाकघराकडे बघत असतो, आणि अलीकडे फोडण्या चालूच. शौचालय फुटण्याचा प्रसंग मात्र मला उगाच ताणल्यासारखा वाटतो.

फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात याची हुर्यो उडाली. ज्युरीची अध्यक्ष, अभिनेत्री इंग्रिड बर्गमन, हिलाही तो किळसवाणा वाटला. तरी समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं पारितोषिक त्याला विभागून मिळालं, आणि फ्रान्समध्ये लोकांनी गर्दी केली.

(दृश्य : लिंडनखालचा बाक.)

मग मिशेल गेला, उगोही गेला. उरला फिलिप. त्याला मधुमेह. आंद्रेआ त्याच्यासाठी स्तनांच्या आकाराचं गुलाबी पुडिंग आणते. तो खातो आणि तिच्या कुशीत कलंडतो. तेवढ्यात मांसाची गाडी पुन्हा दारात. आता जेवायला कोण? ती सांगते, बागेतच ठेवा. माणसं सोललेली धडं झाडाझुडपांत ठेवून निघून जातात.

ती आत जाते. बागेत कुत्री जमलेली असतात.