इटलीची नाणी जमवायची? मग एक चुंबक जवळ ठेवा

नमस्कार मंडळी. हे बघा.

(दोन नाणी आणि चुंबक कॅमेऱ्याजवळ)

दोन्ही इटलीची, दोन्ही एक लिराची. लिरा म्हणजे इटलीचं युरोआधीचं चलन. दोन्हींवर राजा तोच, गरुड तोच आणि साल 1939. आता चुंबक फिरवतो. हे चिकटलं. आणि हे? जागचं हललंसुद्धा नाही. सालाजवळ रोमन अंक दिसतोय ना, तो मुसोलिनीच्या राजवटीचा वर्षाचा आकडा आहे, ऑक्टोबर 1922 पासून मोजलेला. म्हणून 1939 च्या नाण्यावर कधी सतरा दिसतो, कधी अठरा.

चुंबकाची भानगड कशी झाली? आधी ही नाणी निकेलची होती. निकेल लागतं युद्धसामग्रीच्या पोलादाला. युद्ध तोंडावर आलं तसं इटलीने निकेल वाचवलं आणि नाण्यांसाठी स्टेनलेस स्टील आणलं, नाव ‘अॅक्मोनिताल’. सुरुवातीच्या नाण्यांत या स्टीलचे दोन प्रकार वापरले गेले. एक चुंबकाला चिकटतं, दुसरं नाही. संग्राहक दोन्ही वेगळी जमवतात.

मला इटलीची नाणी आवडतात ती याचसाठी. चेहरा कोणाचा हे नंतर बघा, आधी धातू बघा. सगळा इतिहास तिथे आहे.

आता थोडं मागे जाऊ. 1861 मध्ये इटली एक झाली, 1862 च्या कायद्याने लिरा देशभराचं चलन झालं. 1865 मध्ये इटली, फ्रान्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंड यांनी नाण्यांचं वजन आणि कस एकसारखा ठेवायचा करार केला. त्या मापाचं पाच लिराचं नाणं म्हणजे 25 ग्रॅम, 900 कसाची चांदी, म्हणजे हजारात 900 भाग शुद्ध. हातात घेतलं की वजन जाणवतं. आणि हे 1951 पासूनचं पाच लिरा, डॉल्फिनवालं. अॅल्युमिनियम. वजन एक ग्रॅम. आकडा तोच, पाच. दोन महायुद्धांनी आणि महागाईने लिराचं काय केलं, ते सांगायला मला आणखी काही दाखवायची गरज नाही.

या सगळ्याच्या मधोमध राजा होता तिसरा व्हित्तोरिओ इमान्युएले, आणि तो स्वतः पक्का नाणेसंग्राहक. इटलीच्या नाण्यांची वीस खंडांची सूची त्याच्या नावावर आहे. त्याचा लाखाहून अधिक नाण्यांचा संग्रह 1946 मध्ये, सिंहासन सोडताना, देशाकडे आला. आज तो संग्रह रोमच्या पालाझ्झो मास्सिमो संग्रहालयात आहे. त्याच्या कारकिर्दीच्या पूर्वार्धातली दावीदे कालांद्राची चार घोड्यांच्या रथाची चांदीची नाणी माझ्या मते आधुनिक इटलीची सगळ्यात देखणी नाणी आहेत.

आता ज्याबद्दल सगळे विचारतात ते. ‘काराव्हेल्ले’, म्हणजे चांदीचं 500 लिरा.

(नाणं फिरवून दाखवणे)

एका बाजूला कोलंबसची तीन जहाजं, दुसऱ्या बाजूला एका स्त्रीचा चेहरा. तो चेहरा घडवणाऱ्या पिएत्रो जाम्पाओलीच्या पत्नीचा आहे. 1957 मध्ये चाचणीची नाणी निघाली, एक हजाराच्या आसपास. त्यांवर जहाजांचे झेंडे डावीकडे फडकतात, म्हणजे शिडांत भरलेल्या वाऱ्याच्या उलट. आरडाओरडा झाला आणि 1958 पासून झेंडे उजवीकडे वळले.

इथे फसवणूक होते. ‘उलटे झेंडे’ म्हणून साधं नाणं गळ्यात मारणारे भेटतात. खऱ्या चाचणी-नाण्यावर ‘प्रोव्हा’, म्हणजे ‘चाचणी’, असं कोरलेलं असतं आणि झेंडे डावीकडे असतात. शिवाय या नाण्याचं साल कडेवर असतं, वर-खाली कुठेच नाही! म्हणून ऑनलाइन घेताना कडेचा फोटो मागाच. 1958 चं साधं नाणं मात्र बिनधास्त घ्या. 11 ग्रॅम वजन, 835 कसाची चांदी, आणि किंमत बहुतेक वेळा चांदीच्या भावाजवळच असते.

चांदी महागली तशी ही नाणी लोकांनी घरात ठेवली. पुढे सत्तरच्या दशकात तर सुट्ट्याचाच दुष्काळ पडला. दुकानदार हातावर गोळ्या-चॉकलेटं ठेवायचे (हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको), टपालाची तिकिटं द्यायचे, टेलिफोनचं टोकनसुद्धा पैसे म्हणून चालायचं. 1975 च्या अखेरीपासून बँकांनी 50, 100 लिराचे चिमुकले कागदी चेक काढले. त्यांना ‘मिनिअसेन्यी’ म्हणतात. नाणी नाहीत ती, पण संग्रहात त्यांचं एक पान हवंच.

मग 1982. पुन्हा 500 लिरा, पण आता स्टीलचं कडं आणि आत पिवळा मिश्रधातू. रोजच्या वापरासाठी काढलेलं जगातलं पहिलं आधुनिक द्विधातू नाणं. त्यावर किंमत ब्रेलमध्येही आहे. आपल्या खिशातलं दहा रुपयांचं नाणं काढून शेजारी ठेवा, म्हणजे नातं दिसेल.

सुरुवात कुठून करायची? 50 लिराचा व्हल्कन हा रोमन देव, 100 लिराची मिनर्व्हा ही देवी, ही 500 ची जोडी. सगळी स्वस्त. चिंच-राखेने घासू मात्र नका, नाण्याची किंमत तिथेच जाते. आणि 1956 चं पाच लिरा कुणी दाखवलं तर थांबा. ती चारच लाख निघाली, म्हणून खोटीही फिरतात. इटलीत अशी नाणी तज्ज्ञ तपासून, सही करून सीलबंद पाकिटात देतात. ते पाकीट नसेल तर पैसे काढू नका.