मोरेह: फाटकाजवळचं गाव

(दृश्य: फाटक क्रमांक 2. सकाळची वर्दळ, भाजीच्या टोपल्या, हातगाड्या.)

मणिपूरमधल्या मोरेहला सकाळचे सात वाजतात, तेव्हा फाटकापलीकडे शंभर पावलांवर आठ वाजलेले असतात. पलीकडे म्यानमार आहे. सीमा खुली होती त्या वर्षांत इथला दिवस पलीकडच्या बायकांच्या पावलांनी सुरू व्हायचा. गालांवर थनाखाचा पिवळसर लेप, कमरेला लुंगी, टोपलीत पालेभाजी, मासळी, आलं. मोरेहच्या बाजारात बसायचं, विकायचं आणि दुपारी चारला फाटक बंद व्हायच्या आत घरी परतायचं. उलट दिशेनं इंफाळच्या बायका पलीकडच्या नाम्फालोंगच्या बाजारात शिरायच्या. ब्लँकेट, चपला, छत्र्या, थर्मास असा माल गाठोड्यात बांधून संध्याकाळच्या गाडीनं परत निघायच्या. रुपया चालायचा, म्यानमारचा क्यातही चालायचा.

मोरेह इंफाळपासून साधारण 110 किलोमीटरवर, तेंग्नौपाल जिल्ह्यात आहे. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सतरा हजारांच्या आसपास होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. कुकी सर्वांत जास्त. त्यांच्याबरोबर मैतेई, तमिळ, नेपाळी, मणिपुरी मुसलमान म्हणजे पांगल, शिवाय पंजाबी, मारवाडी, बिहारी, बंगाली. चर्च आहेत, मशिदी आहेत, गुरुद्वारा आहे, आणि सीमेच्या अगदी जवळ रंगीत गोपुर असलेलं तमिळ देऊळ आहे. इतके लोक इथे आले कसे? यातले बरेच जण वाटेत होते. कुणी इकडून तिकडे निघालं होतं, कुणी तिकडून इकडे. कधी रस्ता उघडला, कधी बंद झाला, आणि जो तो जिथे होता तिथे राहिला.

(दृश्य: डोंगरउतारावरून दिसणारं कबाव खोरं.)

समोर दिसतंय ते कबाव खोरं. त्यावर मणिपूरचे राजे आणि ब्रह्मदेशचे राजे पिढ्यान् पिढ्या हक्क सांगत आले. 1819 ते 1826 या सात वर्षांत ब्रह्मी फौजांनी मणिपूर उद्ध्वस्त केलं. मैतेई लोक त्या काळाची आठवण आजही 'सात वर्षांचा विध्वंस' अशी काढतात. इंग्रजांनी ब्रह्मी राजाला हरवलं, 1826 मध्ये यांदाबोचा तह झाला आणि ब्रह्मी फौजा मणिपूरमधून हटल्या. पण 1834 मध्ये इंग्रजांनीच कबाव खोरं ब्रह्मी दरबाराला देऊन टाकलं. मोबदला म्हणून मणिपूरच्या राजाला दरमहा 500 सिक्का रुपये ठरले. एका सुपीक खोऱ्याची किंमत! त्या खोऱ्यात मैतेई वस्त्या होत्या, डोंगरांत कुकींची गावं होती. माणसं हलली नाहीत. त्यांच्या अंगणातून रेघ गेली.

1891 मध्ये इंग्रज मणिपूरवर चालून आले ते तीन वाटांनी. त्यातली एक फौज सीमेपलीकडच्या तामू गावाकडून, म्हणजे याच रस्त्यानं आली. खोंगजोमला मणिपुरी सैनिक तिला सामोरे गेले आणि जवळजवळ सगळे कामी आले. 23 एप्रिल हा खोंगजोम दिन मणिपूरमध्ये अजून पाळला जातो. इंफाळहून मोरेहला जाताना खोंगजोम वाटेतच लागतं. पुढे 1917 ते 1919 या काळात इंग्रजांनी महायुद्धासाठी मजूर पाठवण्याची सक्ती केली, तेव्हा याच डोंगरांतल्या कुकींनी बंड केलं.

ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, हे आज सहज लक्षात येत नाही. मराठी माणसाला मात्र त्याच्या दोन खुणा ठाऊक आहेत. मंडालेचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि लोकमान्य टिळकांना मंडालेच्या तुरुंगात पाठवलं. राज्यकर्ता एकच, त्यामुळे माणसांची ने-आण देशातल्या देशातच. त्याच काळात तमिळ मजूर आणि चेट्टियार सावकार, तेलुगू हमाल, बंगाली कारकून, शीख पोलीस जहाजांनी रंगूनला उतरले. 1937 मध्ये ब्रह्मदेश वेगळा केला गेला. पाच वर्षांनी जपानी आले.

(दृश्य: जुनी युद्धकाळातली छायाचित्रं. चिखलातली पायवाट, निर्वासितांची रांग.)

1942 च्या त्या पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसं चालत निघाली. तामूवरून इंफाळला येणारी ही वाट त्यांतल्या फार मोठ्या लोंढ्याची वाट होती. पटकी, मलेरिया, भूक. किती माणसं वाटेत गेली त्याचा नीट हिशेब कुणी ठेवलाच नाही. मला या साऱ्या इतिहासातला हा भाग सर्वांत अन्यायाचा वाटतो. लढायांची स्मारकं झाली, चालत आलेल्यांचं स्मारक या रस्त्यावर शोधावं लागतं.

1944 च्या मार्चमध्ये जपान्यांनी इंफाळवर चढाई केली. मोरेहला ब्रिटिशांचं मोठं रसदकेंद्र होतं. माघार घेताना त्यांनी ते स्वतःच नष्ट केलं. मग या रस्त्यावरच्या शेनाम खिंडीत महिनोन् महिने झुंज चालली. आझाद हिंद सेनेचे सैनिक याच बाजूनं पल्लेलपर्यंत येऊन भिडले. समोर ब्रिटिश हिंदी सैन्यातही हिंदीच जवान होते. त्याच मोहिमेत उत्तरेला सांगशाकच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटणही लढली.

युद्ध संपलं. दोन्ही देश स्वतंत्र झाले. आणि मग मोरेहला आजचं रूप देणारी घटना घडली.

1962 मध्ये जनरल ने विन यांनी रंगूनमध्ये सत्ता हातात घेतली. 1964 मध्ये दुकानं, पेढ्या, व्यापार सरकारजमा झाला. मे महिन्यात 50 आणि 100 क्यातच्या नोटा रद्द झाल्या. तीन-तीन पिढ्या तिथे काढलेली तमिळ कुटुंबं रिकाम्या हातानं जहाजात बसून मद्रासला उतरली. सरकारनं छावण्या उघडल्या. पण ज्यांचा जन्म ब्रह्मदेशातला, त्यांना तमिळनाडूही परकाच. काही जणांनी ठरवलं, परत जायचं. जहाजाचं भाडं नाही, कागदपत्रं नाहीत, तर जमिनीवरून जाऊ. आगगाडीनं आसामपर्यंत, तिथून ट्रकनं नि पायी, जवळजवळ अख्खा देश ओलांडून ही माणसं मोरेहला पोचली. पलीकडे गेली, ब्रह्मी अधिकाऱ्यांनी अडवलं, परत पाठवलं. मागे जायला काही नव्हतं आणि पुढे जाऊ देत नव्हते. त्यांनी मोरेहलाच झोपड्या बांधल्या. जे सुटत होतं ते निदान इथून डोळ्यांना दिसत होतं. 1967 मध्ये भारत आणि ब्रह्मदेशानं सीमाकरार केला आणि रेघ पक्की झाली.

त्या झोपड्यांचं गाव झालं. ब्रह्मी भाषा येत असल्यानं व्यापारात तमिळ पुढे गेले. तमिळ संगम ही त्यांची संस्था उभी राहिली, शाळा आली, आणि आलं ते देऊळ, श्री अंगाळपरमेश्वरीचं.

(दृश्य: देवळाचं गोपुर, आवारात पेटवलेल्या लाकडांचे निखारे.)

पंगुनी महिन्यात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, इथे निखाऱ्यांवरून चालण्याचा उत्सव होतो. आधी कित्येक दिवस व्रत. त्या दिवशी पिवळी वस्त्रं, हातात कडुनिंबाचे डहाळे, कुणाच्या गालातून आरपार गेलेला वेल, म्हणजे मुरुगनचा छोटा भाला, कुणाच्या खांद्यावर कावडी. निखारे दांड्यानं सपाट करतात, कडेला दुधा-पाण्याचा खड्डा असतो. ढोलाचा ठेका वाढतो आणि एकेक जण निखाऱ्यांवर पाऊल टाकतो. आया कडेवर लेकरं घेऊन उतरतात. 2023 च्या हिंसेआधी बघायला अख्खं गाव लोटायचं. कुकी आणि मैतेई, नेपाळी आणि पंजाबी. सीमा खुली असायची तेव्हा पलीकडचे तमिळही यायचे.

सकाळी इडली करणाऱ्या घरात संध्याकाळी आथो होतो. उकडलेल्या नूडल्समध्ये किसलेला कोबी, तळलेला कांदा, चिंचेचं पाणी, तिखट आणि लसणीचं तेल, सगळं हातानं कालवायचं. सोबत केळीच्या खोडाच्या गाभ्याचं गरम सूप. हाच आथो चेन्नईत बर्मा बाजाराजवळच्या गाड्यांवर मिळतो, कारण मद्रासला जे थांबले त्यांनी तो तिथे विकायला सुरुवात केली.

(दृश्य: मालाचे ट्रक, पोत्यांच्या थप्प्या.)

1994 मध्ये दोन्ही देशांनी सीमाव्यापाराचा करार केला आणि 12 एप्रिल 1995 पासून मोरेहमधून अधिकृत देवघेव सुरू झाली. सुरुवातीला फक्त 22 वस्तू, आणि त्याही मालाच्या बदल्यात माल अशा पद्धतीनं. ही पद्धत 2015 च्या अखेरीस बंद झाली. कागदावरचा व्यापार कायम तुटपुंजाच राहिला. खरी उलाढाल डोक्यावरच्या गाठोड्यांतून व्हायची, आणि काही रात्रीच्या अंधारातून. सागवान, सोनं, अमली पदार्थ, सुपारी. या सुपारीचा धागा थेट विदर्भापर्यंत येतो. म्यानमार सीमेवरून चोरट्या मार्गानं आलेल्या सुपारीच्या प्रकरणात 2022 मध्ये सक्तवसुली संचालनालयानं नागपुरात छापे घातले होते. अमली पदार्थांची झळ मात्र मणिपूरच्या घराघरांनी सोसली.

मोठ्या योजना येत राहिल्या. भारतानं बांधलेला तामू ते कलेम्यो हा 160 किलोमीटरचा मैत्री रस्ता 2001 मध्ये सुरू झाला. 2018 मध्ये पासपोर्टवर ये-जा करण्याची सोय झाली, 2019 च्या जानेवारीत नव्या तपासणी नाक्याचं उद्घाटन झालं. मोरेहपासून थायलंडपर्यंत मोटारीनं जाता येईल, अशी आशा होती. मार्च 2020 मध्ये करोनामुळे फाटक बंद झालं, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता बळकावली. ते थांबलेलं काम आणि तो थांबलेला बाजार पूर्वीच्या जोमानं परत उभा राहिलाच नाही.

मोरेह कायम गुण्यागोविंदानं नांदलं, असं म्हणणं खोटं ठरेल. 1990 च्या दशकात इथे कुकी आणि नागांमध्ये रक्त सांडलं, तमिळांशीही चकमकी झाल्या. पुष्कळ तमिळ कुटुंबं तेव्हाच चेन्नईकडे निघून गेली, आज उरलेत काही हजार. पण 3 मे 2023 नंतर जे झालं, ते या गावानं कधी पाहिलं नव्हतं. मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी समाजांत हिंसा भडकली. मोरेहमधल्या मैतेईंची घरं जाळली गेली, ती कुटुंबं एका रात्रीत निर्वासित झाली. इंफाळमध्ये कुकींच्या घरांचं तेच झालं. मोरेहच्या आगीत काही तमिळ घरंही सापडली. राज्यात अडीचशेहून जास्त माणसं मेली, साठ हजारांच्या आसपास बेघर झाली.

(दृश्य: जळालेल्या भिंती, वाढलेलं गवत. त्यामागे तारेचं नवं कुंपण.)

2024 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं सीमेवरच्या लोकांची मोकळी ये-जा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. एके काळी दोन्ही बाजूंना 40 किलोमीटरपर्यंत, नंतर 16 किलोमीटरपर्यंत इथल्या रहिवाशांना व्हिसाशिवाय जाता येत असे. 1,643 किलोमीटरच्या साऱ्या सीमेला कुंपण घालायचं ठरलं, आणि पहिले दहा किलोमीटर उभे राहिले ते मोरेहजवळच. बंदुका आणि अमली पदार्थ अडवायला ते हवं, असं सरकार म्हणतं, आणि मैतेई संघटनांची ती मागणीच होती. ज्या कुकींची सोयरीक पलीकडच्या गावांत आहे, त्यांचा विरोध आहे. दोघांच्याही म्हणण्याला कारण आहे. पण 1834 मध्ये रेघ ओढताना खोऱ्यातल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. यावेळी तरी मोरेहच्या प्रत्येक समाजाला एकत्र बसवून विचारायला हवं होतं.

हिंसेनंतर मोरेहचा कुकी माणूस इंफाळच्या दवाखान्यात जाऊ शकेना आणि मैतेई दुकानदार मोरेहचं आपलं दुकान उघडू शकेना. मधल्या चौक्या ओलांडून माल पोचवायला पुढे आले ते बहुतेक पांगल चालक, कारण दोन्ही बाजू त्यांना जाऊ देत होत्या. तांदूळ, औषधं, गॅसच्या टाक्या त्यांच्या गाड्यांनी डोंगर चढून आल्या. मैतेई कुटुंबांचे पत्ते मात्र अजून छावण्यांचेच आहेत.