केसपेपरवरचं पहिलं नाव

(मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. लिलाव.)

31 जुलैला मासेमारीबंदी संपली आणि बंदर पुन्हा गजबजलं. पाठमोरा बसलाय तो खलाशी. चेहरा दाखवायचा नाही, ही त्याची अट. हात बघा. जाळ्याची फाटलेली जागा चाचपायची, कडेचे लोंबते दोरे कापायचे, मग एकेक गाठ मारत पुढं सरकायचं.

काही वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर याची झोप उडाली. दोन दिवसांत कानात आवाज. जेवणात विष घातलंय, म्हणून ताट भिरकावलं. घरच्यांनी आधी देवाला गाऱ्हाणं घातलं, मग सरकारी दवाखाना. तीन आठवड्यांत माणूस ताळ्यावर.

(केसपेपर, जवळून. घड्यांवर चिकटपट्टी.)

पहिलं पान: अक्यूट अँड ट्रान्झियंट सायकोटिक डिसऑर्डर. म्हणजे दोन आठवड्यांच्या आत उसळलेला आणि लवकर ओसरणारा सायकोसिस, भास आणि संशयानं वास्तवाचं भान सुटणं. असे झटके फ्रान्समध्ये वालांतँ मान्याँ यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत हे निदान 1992 साली आलं. स्किझोफ्रेनिया, म्हणजे असाच पण लांबणारा आजार, म्हणायला त्या यादीप्रमाणे लक्षणं किमान महिनाभर टिकावी लागतात. तीन आठवड्यांत बरा झालेल्या माणसाला डॉक्टर दुसरं काय लिहिणार?

दुसरं पान, शाई वेगळी. या वेळी झोप नाही, पण अंगात दहा माणसांचं बळ. अखंड बडबड, उसनवारी, नवी बोट घ्यायची घाई. निदान: बायपोलर, म्हणजे मन कधी असं उधाणतं, कधी खोल उदास होतं, तो आजार. पहिल्या डॉक्टरांना कळलंच नव्हतं, असं गावात बोललं गेलं. तसं नाही. आजार आपलं रूप सावकाश दाखवतो. 2016 साली अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला: स्किझोफ्रेनियाचं पहिलं निदान शंभरात सुमारे 90 जणांचं टिकतं, या अल्पकालीन सायकोसिसचं 56 जणांचं. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांचा पुढं स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर ठरतो. निम्म्याहून जास्त लोकांचं निदान बदलत नाही, हेही घरच्यांना सांगायला हवं.

मधल्या काळात ठरलेलं लग्न मोडलं, एक सीझन बुडाला.

(प्रादेशिक मनोरुग्णालय, रत्नागिरी. फाटक.)

राज्यात अशी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि इथं. गुहागर, राजापूरकडून येणाऱ्यांचा दिवस एसटीतच जातो, त्यात बरं वाटत असलं की तपासणी पहिली सुटते. ती सुटू देऊ नका. गोळ्या मनानं बंद करू नका. पहिल्या झटक्यापासूनचा प्रत्येक कागद जपा आणि नव्या डॉक्टरांना आधी तो दाखवा. येणं जमतच नसेल तर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा: 14416. मराठीत बोलता येतं.