वाढीव वॉरंटी आणि वर्कशॉपचं अंतर

नमस्कार श्रोतेहो.

दसरा तोंडावर आला आहे. सोयाबीन घरात यायला लागलंय, आणि यवतमाळ, वणी, अमरावतीच्या शोरूमसमोर नव्या गाड्यांना हार घालायची तयारी सुरू झाली आहे. गाडी कोणती घ्यावी, हे मी आज सांगणार नाही. ते घरोघरी ठरलेलंच असतं. गाडी ठरते, रंग ठरतो, मुहूर्त ठरतो, आणि कोटेशनच्या तळाशी एक ओळ उरते: एक्स्टेंडेड वॉरंटी, अमुक इतके हजार. समोरचा पोरगा म्हणतो, "काकाजी, घेऊनच टाका, मग टेन्शन नाही." पेढ्यांचा डबा उघडलेला असतो, घरचे बाहेर फोटोसाठी उभे असतात, आणि सही होऊन जाते.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचो. त्यामुळं लोक मला फोन करून विचारतात, "सर, घेऊ का नोको घेऊ?" फोनवर याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. गाडी कोणती, रोज किती फिरणार, आणि मुख्य म्हणजे तुमचं गाव कुठं आहे, हे कळल्याशिवाय तर नाहीच.

विमा आणि वॉरंटी यांची आपल्याकडे हमखास सरमिसळ होते. गाडी ठोकली, चोरीला गेली, पेटली, तर विमा. गाडी नीट चालवत असताना आतला एखादा पार्ट बनावटीतल्या दोषामुळं बिघडला, तर वॉरंटी. वाढीव वॉरंटी म्हणजे हीच जबाबदारी पैसे घेऊन आणखी काही वर्षं पुढं नेणं. पुढं म्हणजे कुठून पुढं, ते मात्र पाहा. मारुती सुझुकीनं जुलै 2024 मध्ये आपली मूळ वॉरंटी 2 वर्षं किंवा 40,000 किलोमीटरवरून 3 वर्षं किंवा 1,00,000 किलोमीटर केली. म्हणजे तीन वर्षं काही न देता मिळतातच, तुम्ही पैसे भरता ते चौथ्या वर्षापासूनचे. आणि यातला "किंवा" महत्त्वाचा. वर्षं आणि किलोमीटर यांतलं जे आधी भरेल, तिथं वॉरंटी संपली.

आता दोन घरं डोळ्यासमोर आणा. एक जिल्हा परिषदेचे गुरुजी, रोज ऐंशी किलोमीटर अपडाऊन. शाळा, लग्नं, सासुरवाडी धरून वर्षाला वीस हजार किलोमीटर सहज. तीन वर्षांत गाडी साठ हजारांवर जाते. पुढची दोन-तीन वर्षं तीच गाडी वापरायची असेल, तर नेमकं तेव्हाच मोठं काम निघण्याची शक्यता असते. दुसरा कास्तकार. गाडी बाजाराच्या दिवशी निघते, दवाखान्यासाठी निघते, लग्नसराईत दोन महिने पळते, एरवी ताडपत्रीखाली. वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर. त्याच्या गाडीत वयामुळं जे खराब होतं ते म्हणजे बॅटरी, टायर, रबरी होज, वायपर. आणि नेमक्या याच वस्तू वॉरंटीत बसत नाहीत. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बल्ब, फिल्टर हेही नाही. झिजणाऱ्या वस्तूंचा खर्च मालकाचा, हे जवळपास सगळ्या कंपन्यांच्या कागदावर असतं.

मग वॉरंटीत येतं काय? इंजिनचं आतलं काम, गिअरबॉक्स, टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा भरणारा पार्ट, इंजेक्टर, इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगची मोटर, एसीचा कॉम्प्रेसर, आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, आले, गाड्यांत सेन्सर वाढले, आणि नाक्यावरच्या मिस्त्रीचा हात तिथं थबकायला लागला. मिस्त्री हुशारच आहेत, कितीतरी माझ्या हाताखालून गेलेत. पण स्कॅनर जोडल्याशिवाय आजच्या गाडीचा आजार कळत नाही, आणि पार्ट निघाला तर बिल वीस हजाराच्या खाली क्वचितच. त्यातून टर्बो डिझेल असेल किंवा ऑटोमॅटिक गिअर असेल, तर आकडा आणखी वर. म्हणून माझं मत असं: साधी पेट्रोल गाडी, हातानं गिअर टाकायचा, आणि फिरणं कमी, तर वाढीव वॉरंटीवाचून काही अडत नाही. तेवढेच पैसे पोस्टात आरडीला टाका. डिझेल, टर्बो किंवा ऑटोमॅटिक, रोजचं फिरणं, आणि सहा-सात वर्षं गाडी ठेवायची असेल, तर घ्या. पण पुढचं ऐकून मग घ्या.

आपल्या भागात वॉरंटीची खरी किंमत पावतीवर छापलेली नसते. वॉरंटी चालू राहायची तर गाडीची सर्व्हिसिंग कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये, ठरल्या वेळी व्हायला लागते. बहुतेक गाड्यांना वर्षाला एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला, यांतलं आधी येईल ते. पांढरकवड्याहून यवतमाळ सत्तर किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे चाळीस, पेट्रोलच हजाराच्या घरात, आणि दिवस मोडला तो वेगळा. झरी-जामणीकडच्या माणसाला यवतमाळ शंभराच्या घरात पडतं. सिरोंच्याचं तर विचारूच नका, तिथून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या आसपास. मग होतं काय, की पहिल्या फुकटच्या सर्व्हिसिंगा माणूस नेमानं करतो, आणि नंतर म्हणतो, ऑइल तर बदलायचं आहे, आपल्या मिस्त्रीकडंच बदलू.

माझ्या ओळखीत एकाचं असंच झालं. तीस हजारांची सर्व्हिसिंग त्यानं गावातच केली. ऑइल चांगलं टाकलं, फिल्टर बदलला, बिल काही घेतलं नाही. पुढं स्टीअरिंग जड झालं, समोर पिवळा दिवा लागला. वाढीव वॉरंटीचे पैसे भरलेले होते. वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायजरनं कॉम्प्युटरवर गाडीचा नंबर टाकला, आणि वीस हजारांच्या नोंदीनंतर एकदम बेचाळीस हजारांची नोंद निघाली. मधली जागा रिकामी. ऑइलचा आणि स्टीअरिंगच्या मोटरचा काय संबंध, म्हणून हा भांडला. मुद्दा बिनतोड होता. पण त्यांनी अटींच्या कागदावर बोट ठेवलं, आणि मोटरचे पैसे याच्या खिशातून गेले.

म्हणून सही करण्याआधी स्वतःला विचारा: पुढची पाच-सहा वर्षं, ऐन पेरणीच्या नाहीतर वेचणीच्या दिवसांत तारीख आली तरी, मी गाडी जिल्ह्याला नेणार आहे का? उत्तर मनापासून "हो" नसेल, तर पैसे भरू नका. काही कंपन्यांची सर्व्हिस व्हॅन तालुक्याला येते. ती येते का, आणि तिनं केलेल्या कामाची नोंद कंपनीच्या रेकॉर्डला चढते का, हे दोन्ही विचारा. गाडी रस्त्यात बंद पडली तर टोचन करून आणायचा खर्च कोण देणार, किती किलोमीटरपर्यंत देणार, हेही. पन्नास किलोमीटरची मर्यादा शहरात पुरते, आपल्याकडे ती अर्ध्या रस्त्यात संपते.

आता आपल्याकडचे खास घोटाळे. पहिला उंदीर. कापूस घरात भरलेला असतो आणि गाडी त्याच ओसरीला टेकून उभी. रात्री उंदीर इंजिनच्या उबेला येतो. बॉनेट उघडलं की बॅटरीच्या बाजूला सरकीसकट कापसाचं घरटं, शेंगांची टरफलं, आणि वायरिंगचं प्लास्टिक कुरतडून आतली तांब्याची तार उघडी पडलेली. हे मी एकदा नाही, पुष्कळदा पाहिलंय. हा बनावटीतला दोष नाही, वॉरंटीत बसत नाही. विम्याच्या पॉलिसीत बसतं का, ते पॉलिसी घेतानाच विचारावं लागतं.

दुसरा नाला. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्यावरून पाणी वाहत असतं, आणि गावात पैज लावणारे कमी नाहीत. इंजिननं पाणी ओढलं की पिस्टनच्या वर साचलेलं पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर मारला तर उरलंसुरलं इंजिनही गेलं. याला वॉरंटी नाही. साध्या विम्यातही हे बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाची वेगळी जोड घ्यावी लागते. नाल्याकाठी राहणाऱ्यानं वॉरंटीआधी या जोडीचा विचार करावा, असं मी म्हणेन.

तिसरा, बाहेरून बसवलेली सीएनजी किट, किंवा वायर कापून लावलेले मोठे लाइट आणि म्युझिक सिस्टिम. पुढं इलेक्ट्रिकचं काही बिघडलं की बोट आधी तिकडंच जातं. आणि खाजगी पासिंगच्या गाडीत काळी-पिवळीसारख्या सवाऱ्या भरत असाल, तर वॉरंटीही धोक्यात आणि विमाही. मागच्या सीटवर खताची पोती नेणाऱ्यांना मी काही बोलत नाही, मीही विदर्भातलाच आहे.

शोरूममध्ये एक प्रश्न कुणी विचारत नाही, तो तुम्ही विचारा. ही वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीची आहे, की डीलरनं दुसऱ्या कुणाची विकायला ठेवली आहे? कंपनीची असेल तर नागपूर, पुणे, हैदराबाद, कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालायला हवी. दुसऱ्या कुणाची असेल तर कधी त्याच डीलरकडं यावं लागतं, आणि एका क्लेमला जास्तीत जास्त किती रक्कम मिळेल याचीही हद्द असते. जुनी गाडी घेताना मिळणाऱ्या सहा महिन्यांच्या वॉरंटीत तर अनेकदा इंजिन आणि गिअरबॉक्स एवढंच असतं. इलेक्ट्रिक गाडीचं गणित निराळं आहे. तिथं सगळ्यात महाग वस्तू बॅटरी, आणि तिला बऱ्याच कंपन्या मुळातच 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देतात.

घाई मात्र करू नका. मूळ वॉरंटी चालू आहे तोवर बहुतेक कंपन्यांची वाढीव वॉरंटी नंतरही घेता येते. उशीर केला तर दर थोडा चढतो, म्हणून दरांचा तक्ता मागून घ्या आणि घरी बसून बघा. आणि घेतलीच, तर ती कर्जात घालू नका. समजा, वॉरंटी 18,000 रुपयांची आहे आणि ती साडेनऊ टक्के व्याजाच्या पाच वर्षांच्या कर्जात गेली. फेडेपर्यंत ती 22,700 च्या आसपास पडते. जी वॉरंटी चौथ्या वर्षी सुरू होणार, तिचं व्याज तुम्ही पहिल्या महिन्यापासून देता. त्यापेक्षा कापसाचा चुकारा आला की रोखीनं भरा.

एवढं सगळं पाळून, सर्व्हिसिंगची सगळी बिलं हाताशी असूनही कुणी क्लेम नाकारला, तर नकार लेखी मागा, कारणासकट. तोंडी नकाराला पुढं काही अर्थ राहत नाही. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, तिथं मराठीतही बोलता येतं. त्यानंही नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली आहे: तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीला असो की चेन्नईला. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची, नकार मिळाल्यापासून मोजायची. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. कोटेशन, वॉरंटीचं सर्टिफिकेट, सर्व्हिसिंगची बिलं आणि तो लेखी नकार, एवढे कागद घेऊन तुम्ही स्वतः उभे राहू शकता.

नमस्कार.